रॉक संपलं, असं मी म्हणत असे

नव्या रॉक संगीतात जीव उरलेला नाही, हे माझं मत नाशिकमधल्या बहुतेक गिटारवाल्यांना पाठ आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना तर ते पहिल्या महिन्यातच ऐकावं लागायचं. आता ते मत माझं राहिलेलं नाही. ज्यांना ते ठासून सांगितलं, त्यांना हेही माझ्याकडूनच कळावं म्हणून लिहितो आहे.

ते मत उगाच आलेलं नव्हतं. आमची पिढी कोलकात्याच्या गिव्हसन गिटारवर शिकली. तारा फ्रेटपासून इतक्या उंच, की बार कॉर्ड धरताना बोटं सोलून निघायची. गाणी कॅसेट मागेपुढे करत कानाने उतरवायची. अमित सैगल यांनी १९९३ मध्ये अलाहाबादहून सुरू केलेलं ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ कुणा एकाकडे आलं की सगळ्या मित्रांत फिरायचं. मुंबईच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरायचं. पंचवटी एक्स्प्रेसने जायचं आणि रात्री मिळेल त्या गाडीने परत यायचं. उघड्या आकाशाखाली, मोठ्या अँपसमोर (अँप्लिफायरसमोर) उभं राहून ऐकलेली ती गिटार कानांइतकीच छातीत वाजायची. त्या मापाने मी पुढचं सगळं मोजलं.

माझी मुख्य तक्रार लयीबद्दल होती. जुने बँड एका खोलीत एकमेकांकडे बघत वाजवायचे, त्यामुळे लय श्वास घ्यायची. रोलिंग स्टोन्सचं १९६९ चं ‘हाँकी टाँक विमेन’ सुरुवातीपासून शेवटापर्यंत चांगलंच वेग घेतं, आणि त्यातच त्याची गंमत आहे. विलंबिताकडून द्रुताकडे जाणारा ख्याल ऐकलेल्या, मिरवणुकीत नाशिक ढोलाची चढती लय अंगावर घेतलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. नव्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र कानात मेट्रोनोमची क्लिक लावून वाजवतात, आणि नंतर ड्रमचा प्रत्येक ठोका संगणकावर ओढून अचूक रेषेवर बसवतात. मला ते निर्जीव वाटे.

दुसरी तक्रार आवाजाच्या चढाओढीची. गाणं रेडिओवर, सीडीवर शेजारच्या गाण्यापेक्षा मोठं वाजावं म्हणून हळू जागा वर उचलायच्या आणि मोठ्या जागा दाबायच्या. मेटॅलिकाचा २००८ चा ‘डेथ मॅग्नेटिक’ इतका दाबलेला निघाला की चाहत्यांनीच बोंब मारली. ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममध्ये आलेली तीच गाणी अनेकांना जास्त मोकळी वाटली. त्या काळाबद्दल मी आजही तेच म्हणेन. पण मधल्या काळात गणित बदललं. स्पॉटिफाय, यूट्यूब यांसारख्या सेवा मोठ्या आवाजातलं गाणं स्वतःच खाली आणतात आणि सगळ्यांना साधारण एका पातळीवर ठेवतात, त्यामुळे दाबण्यातला फायदा बराचसा गेला. नवी कितीतरी रेकॉर्डिंग्ज मी जुन्याच रागाने ऐकायला बसलो आणि त्यांत हवा खेळताना दिसली.

लयीचं मत मात्र असं सहज हललं नाही. ते हलवलं पंचवटीतल्या एका तबलावादक गुरुजींनी. रॉकच्या वाटेलाही ते कधी गेलेले नव्हते. माझा एक विद्यार्थी मेशुगा या स्वीडिश बँडचं गाणं घोटत बसला होता आणि मी नेहमीप्रमाणे ‘यंत्र आहे हे, यंत्र’ म्हणत होतो. ते ऐकत गुरुजींनी हाताने टाळी धरली. मेशुगाची पद्धत अशी, की झांज चार मात्रांचा साधा धागा सोडत नाही, आणि गिटार व पायातला बास ड्रम भलत्याच लांबीचं आवर्तन वाजवत राहतात. ते आवर्तन दर वेळी थोडं सरकतं, ऐकणाऱ्याचा पाय सुटतो, आणि शेवटी उरलेला तुकडा छाटून सगळे एकत्र समेवर येतात. गुरुजी दोनदा चुकले. मग त्यांचा हात नेमका समेवर पडला आणि त्यांनी मान डोलावली. ‘याला रियाज लागतो,’ एवढंच ते म्हणाले.

त्या संध्याकाळी मी तेच गाणं पुन्हापुन्हा ऐकलं. लय इथे पुढेमागे हलत नव्हती, कारण हलली असती तर तो हिशेबच कळला नसता. ठेका स्थिर आहे म्हणूनच त्याच्याशी खेळता येतं, हे तबल्याच्या प्रत्येक मैफलीत मी मान्य करत आलो होतो; गिटारला तीच सवलत द्यायला तयार नव्हतो. क्लिक लावून वाजवणारा प्रत्येक बँड हा हिशेब करतो असं नाही. बरेच जण फक्त चुका झाकतात. पण क्लिक लावली म्हणजे जीव गेला, हे मी आता म्हणू शकत नाही.

मग मी ज्यांना बाजूला सारलं होतं त्यांना ऐकू लागलो, आणि भाषेचा मुद्दा समोर आला. आमच्या वेळी मराठीत रॉक म्हणणं बेसूर गाण्याइतकं लाजिरवाणं वाटायचं. इंग्रजी उच्चार अमेरिकन यावेत म्हणून आम्ही जीव टाकायचो. आता मुंबईचा ‘अभंग रिपोस्ट’ संतांचे अभंग बास, ड्रम आणि गिटारवर गातो. दिल्लीचा ‘ब्लडीवूड’ ढोल आणि बासरी घेऊन हिंदी-पंजाबी मेटल वाजवतो आणि २०१९ मध्ये जर्मनीच्या वाकेन महोत्सवात जाऊन उभाही राहिला. त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची समाधी असलेल्या जिल्ह्यात वाढून मला अभंगातला ठेका गिटारला किती जवळचा आहे हे सुचलं नाही. ते या मुलांना सुचलं. या नव्या गाण्यांत गिटार पूर्वीसारखी पुढे नाही, सोलो छोटे झाले. गिटारिस्ट म्हणून मला ते थोडं बोचतं, तरी गाण्याला ते शोभतं.

सातपूरच्या एका खोलीत बसून मुलगा लॅपटॉपवर अँपचा आवाज काढतो, हेडफोनवर रात्री रेकॉर्ड करतो आणि सकाळी गाणं जगभर सोडतो. स्टुडिओसाठी त्याला मुंबई गाठावी लागत नाही. हे मला मनापासून आवडतं. पण खऱ्या व्हॉल्व्ह अँपने हलणारी हवा त्या हेडफोनमध्ये नाही, आणि चार जणांनी एका खोलीत एकमेकांची चूक सांभाळणं तर नाहीच नाही.

म्हणून माझी तक्रार संगीतापाशी राहिलेली नाही, ती जागेपाशी आली आहे. रंगभवन शेजारच्या रुग्णालयांमुळे शांतता क्षेत्रात आलं आणि तिथले कार्यक्रम थांबले. नाशिकमध्ये २००८ पासून सुला फेस्टमुळे द्राक्षमळ्यात मोठे बँड ऐकायला मिळाले, पण गावातल्या नवख्या बँडला पहिल्यांदा चुकायला, सुधारायला जागा कुठे आहे? महापालिकेने कालिदास कलामंदिरातली एखादी रिकामी संध्याकाळ या मुलांना परवडेल अशा भाड्यात द्यावी. महाविद्यालयांनी गॅदरिंगची वाट न पाहता सभागृहं उघडावीत, वेळेची आणि आवाजाची मर्यादा घालून. आणि माझ्या वयाच्या गिटारवाल्यांनो, तुमच्याकडे धूळ खात पडलेले अँप आहेत. ते या पोरांना वाजवायला द्या, आणि समोर बसून ऐका.