आमची म्हसवडची सहल

सहल म्हटली म्हणजे मौज आणि सेवा म्हटली म्हणजे कष्ट, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ही दोन्ही एकाच गाडीत बसवून न्यावीत की नाही, याविषयी आमच्या मंडळीच्या तरुण संघात पुष्कळ दिवस वाद चालला होता. २०१९ सालच्या मे महिन्यात त्या वादाचा निकाल प्रत्यक्ष प्रवासाने लागला. आम्ही एकंदर अठरा जण मिरजेहून निघून सातारा जिल्ह्यातील म्हसवड या गावी चार दिवस राहून आलो. आमच्यात तेव्हा आपल्या शाळेत शिकत असलेले दहा विद्यार्थी होते. त्या गोष्टीस आता काही वर्षे लोटली. तथापि तिची हकीकत वार्षिकाच्या वाचकांस, विशेषतः ज्यांनी विश्वासाने आपली मुले आमच्याबरोबर धाडली त्या पालकांस, सादर करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

२०१८ सालचा पावसाळा माणदेशास कोरडाच गेला होता. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरास सुमारे सहा हजार मिलिमीटर पाऊस पडावा, आणि पूर्वेकडील माण तालुक्यास सरासरीने पाचशे मिलिमीटरांच्या आसपासच मिळावा, अशी तेथील निसर्गाची वाटणी आहे. तोही चुकला की विहिरी आटतात, वैरण संपते आणि गोठ्यातील जनावरे विकण्याची पाळी येते. ही पाळी टळावी म्हणून म्हसवड येथे माणदेशी फाउंडेशनने जनावरांची छावणी उघडली होती. तेथे हातभार लावावा असे संघाने ठरविले.

हा बेत सभेत मांडताच एका विद्यार्थ्याचे वडील उभे राहिले. ते म्हणाले, "अठरा माणसांच्या गाडीभाड्यात किती वैरण येईल याचा हिशेब केला आहे काय? तुम्ही तेथे जाणार, खाणार, पिणार, आणि ज्या गावास पाणी नाही त्याचेच पाणी संपवून येणार. त्यापेक्षा पैसे पाठवावेत हे बरे नव्हे काय?"

प्रश्न रोखठोक होता, व त्यास तितकेच रोखठोक उत्तर देणे भाग होते. आमच्या पाळकसाहेबांनी चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टान्ताची आठवण करून दिली. हा दृष्टान्त आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकला आहे. परंतु त्यांनी आमचे लक्ष शोमरोन्याऐवजी उतारशाळेच्या रक्षकाकडे वेधले. शोमरोनी वाटसरू होता. त्याने जखमा बांधल्या, एक रात्र काढली, आणि दुसऱ्या दिवशी दोन नाणी रक्षकाच्या हाती देऊन तो आपल्या वाटेने गेला. पुढील सर्व दिवसांची शुश्रूषा त्या रक्षकाने केली. वाटसरूस राहता येत नाही, यात त्याचा दोष नाही. मात्र राहणारा कोण आहे हे त्याने ओळखले पाहिजे, आणि त्याच्या हाती काही ठेवून निघाले पाहिजे, असे त्यांचे सांगणे होते.

त्यावरून संघाने तीन नियम केले. प्रवासास जेवढा खर्च येईल तेवढीच रक्कम वैरणीसाठी छावणीस द्यावयाची. शिधा व पिण्याचे पाणी आपले आपण न्यावयाचे. आणि तेथे जे काम सांगतील तेच करावयाचे. प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांनीच पहिली वर्गणी दिली.

आणखी एक कारण वयस्क मंडळींनी बोलून दाखविले. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळात महाराष्ट्रातील अनेक मिशनांनी अनाथ मुलांना आश्रय दिला. आमच्या मंडळीतील काही घराण्यांचा ज्ञात इतिहास अशाच एखाद्या मुलापासून सुरू होतो. त्या मुलाच्या मागचे गाव व आडनावही कोणास ठाऊक नाही. तेव्हा दुष्काळ हा आम्हांस परका विषय नव्हता.

मिरजेहून पहाटे निघालो. तासगावास परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधविलेल्या गणपतीच्या देवळाचे दक्षिणी धाटणीचे उंच गोपुर रस्त्यावरून पाहिले. तेथपर्यंत दुतर्फा द्राक्षांचे मळे होते. विट्याच्या पुढे हिरवा रंग विरळ होत गेला, आणि भिवघाट ओलांडल्यावर माळरान लागले. विट्याच्या या बाजूची पुष्कळ माणसे सोनेचांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यासाठी हिंदुस्थानभर पसरली आहेत. पाऊस जेथे पोट भरू देत नाही तेथील मनुष्य किती दूर जातो, याचे ते उदाहरण आहे.

आटपाडी हा पूर्वी औंध संस्थानाचा भाग होता. त्याच्या नजीक स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे, ती आम्ही मुद्दाम पाहिली. मॉरिस फ्रिडमन या पोलंडहून आलेल्या इंजिनियराच्या कल्पनेस औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आश्रय दिला, आणि १९३९ साली येथे भिंतीवाचून कारागृह सुरू झाले. गंभीर गुन्ह्यांसाठी शिक्षा झालेल्या माणसांनी येथे शेती करावी, कुटुंबासह राहावे, आणि पळून जाऊ नये म्हणून त्यांच्यावर केवळ विश्वासाचे बंधन असावे, अशी ही योजना. हिच्यावरूनच पुढे १९५७ साली व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट निघाला. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर याच आटपाडी तालुक्यातील शेटफळ्याचे, आणि त्यांचे बंधू व्यंकटेश यांनी १९४९ साली 'माणदेशी माणसं' या पुस्तकाने या मुलखास मराठी साहित्यात कायमचे स्थान दिले. मुलांपैकी एकाने विचारले, "भिंत नसेल तर कैदी कशास थांबतात?" उत्तर समोरच्या शेतात होते. मनुष्य ज्यावर कष्ट करतो आणि ज्या घरात त्याची माणसे असतात, तेथून तो सहसा पळत नाही.

दुपारी म्हसवडास पोहोचलो. गाव माणगंगेच्या काठी आहे. सिद्धनाथाचे जुने देऊळ, त्याची मार्गशीर्षातील रथयात्रा आणि खिल्लार जनावरे यांसाठी हा मुलूख प्रसिद्ध आहे. आम्ही पाहिली तेव्हा नदीत पाण्याचा थेंब नव्हता; पात्रातील वाळू उन्हाने तापून पायाला चटके देत होती.

छावणी म्हणजे एक नवे गावच होते. हिरव्या जाळीच्या सावलीखाली दावणींच्या रांगा, रांगेशेजारी माणसांची पाले, टोकास पाण्याचे टँकर आणि उसाचे ढीग. कित्येक गावांतील शेतकरी जनावरे घेऊन तेथे महिनोन्महिने राहिले होते. पुष्कळ कुटुंबे दुभंगलेली होती: म्हातारी किंवा बाप छावणीत, बाकीची गावी. मुलांची शाळा गावी, तर गाय-बैल येथे. जनावरे विकून मोकळे व्हावे, हा सल्ला दुरून देणे सोपे आहे. परंतु बैल गेला की पाऊस आल्यावर नांगर कशाने धरावयाचा?

नियमाप्रमाणे आम्ही काम मागितले. मुलांच्या वाट्यास शेण काढणे, ऊस तोडून गव्हाणीत टाकणे आणि बादल्यांनी पाणी वाहणे आले. मुलींनी तीच कामे मागून घेतली. आमच्यात मिरजेच्या दोन परिचारिका होत्या. १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेस रुग्णालय उभारल्यापासून शुश्रूषेचे हे व्रत आमच्या गावाने सांभाळले आहे. त्यांनी वृद्धांचा रक्तदाब तपासला, जखमा धुतल्या, आणि कोणास डॉक्टरांकडे जाणे अवश्य आहे ते लिहून दिले. पहिल्याच दिवशी एका आजींनी आमच्यातील एका धष्टपुष्ट तरुणास दरडावून सांगितले, "पोरा, बादली हिंदकळू नगं. त्यात म्हशीचा अर्धा घास हाय." त्या दिवसापासून आमच्या संघात कोणी पाणी सांडताना दिसला की तेच वाक्य ऐकू येते.

छावणीत दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहणारी एक मुलगी आजीबरोबर राहत होती. आमच्या पालांतील लोकांचे अर्ज ती भरून देई, आणि वैरणीचा रोजचा हिशेब वहीत उतरवी. परिचारिकांच्या मागोमाग ती तिन्ही दिवस फिरली. शेवटी हळूच विचारते, "हे शिकायला किती पैसे पडतात?" परिचारिकांनी तिला प्रवेशाची सर्व माहिती लिहून दिली.

त्या मुलीस हिशेबाची इतकी आवड कोठून, याचे उत्तर गावातच मिळाले. म्हसवड येथे १९९७ साली चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँक निघाली. पहिल्या अर्जावर कित्येक बायकांचे अंगठे होते. निरक्षर स्त्रियांची बँक चालणार नाही, म्हणून परवाना नाकारला गेला. बायका निराश होऊन बसल्या नाहीत. काही महिने लिहावाचावयास शिकून त्या पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, आम्हांस कोणत्याही रकमेचे व्याज तोंडी विचारा, आणि तुमच्या अधिकाऱ्यांसही यंत्रावाचून तेच करावयास सांगा. परवाना मिळाला. छावणीतील पुष्कळ बायकांस ही कथा पाठ आहे, आणि ती सांगताना प्रत्येकीचा आवाज थोडा चढतो.

तिसऱ्या दिवशी सायंकाळी राजेवाडीचा तलाव पाहिला. सातारा व सांगली जिल्ह्यांच्या सीमेवरील हा प्रचंड तलाव १८७६-७७ च्या दुष्काळात दुष्काळी काम म्हणून हाती घेण्यात आला. लांबच लांब बांधावरून आम्ही चालत गेलो. पाणी आटून तळाचा बराचसा भाग उघडा पडला होता, व भेगाळलेल्या चिखलात बगळे उभे होते. या बांधाची माती उपाशी माणसांनी, बायकांनी व पोरांनी पाट्यांनी वाहिली. त्यांपैकी कोणाचे नाव तेथे कोरलेले नाही. परंतु चांगला पाऊस झाला की त्यांनी अडविलेले पाणी आजही खालच्या शेतांस मिळते. रविवारी पहाटे त्याच बांधावर आम्ही उपासना केली. कोणी लांब भाषण केले नाही.

निघताना संघाची रक्कम छावणीच्या व्यवस्थापकांच्या हाती दिली आणि पावती घेतली. त्या आजी निरोप द्यावयास आल्या. आम्हांस वाटले, त्या आभार मानतील. त्या म्हणाल्या, "आता आमचं सारं उघडं पडलेलं बघितलंसा. पाऊस झाल्यावर या. तवा गाव बघण्याजोगं आसतंय." या बोलण्यात आर्जव नव्हते, तक्रार नव्हती, दुष्काळ हीच आमची ओळख समजू नका, एवढेच सांगणे होते.

पुढे जे घडले ते कोणाच्याही कल्पनेत नव्हते. तीनच महिन्यांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, कृष्णेस महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. मिरजेच्या कृष्णाघाटाकडील कुटुंबे आमच्या मंडळीच्या सभागृहात येऊन राहिली. त्या गडबडीत म्हसवडहून फोन आला. छावणीतील ती मुलगी विचारत होती, "ताई, पाणी तुमच्या घरात शिरलं का?" रस्ते मोकळे होताच माणदेशाकडून एक टेम्पो आला. त्यात भाकऱ्यांची गाठोडी, चटणी आणि जनावरांसाठी वैरण होती. ज्यांनी वर्षभर घोटाघोटाने पाणी मोजले, त्यांनी पाण्याने वेढलेल्यांस अन्न पाठविले. वैरणीचे भारे उतरविताना मे महिन्यातील सभेत प्रश्न विचारणारे तेच गृहस्थ सर्वांच्या पुढे होते. ते काही बोलले नाहीत. आम्हीही बोललो नाही.

त्या वर्षीच्या परतीच्या पावसाने माणगंगाही वाहिली. जानेवारीत आमच्यापैकी सहा जण आजींचे निमंत्रण पाळण्यासाठी पुन्हा गेलो. या खेपेस घमेले हाती घेतले नाही. शेतात शाळू कमरेपर्यंत उभा होता. आजींनी पाटावर बसवून ज्वारीची भाकरी व वांग्याचे भरीत वाढले, आणि त्यांचे गाव खरोखरच पाहण्याजोगे होते. दोघी परिचारिकांची मात्र एका गोष्टीने निराशा झाली नाही: नात गावी नव्हती, कारण ती बारावीनंतरच्या प्रवेशाची तयारी म्हणून विज्ञान शाखेत शिकावयास तालुक्याच्या गावी गेली होती.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी अनेकांस पुढे अशा सहली काढाव्याशा वाटतील. अवश्य काढा; देऊळ पाहा, तलाव पाहा, मौजही करा. परंतु ज्या गावी जाल तेथे कायम राहून काम करणारे कोण आहेत ते प्रथम विचारा, आणि त्यांच्या हाताखाली काम करा. जाताना आपली शिदोरी न्या, आणि येताना त्यांच्या हाती काही ठेवून या. शोमरोनी आणि जखमी मनुष्य यांच्या जागा केव्हा बदलतील, हे वाटेवरच्या कोणासही सांगता येत नाही. आम्हांस तर तीनच महिने लागले.