मूळचा रंग

जुन्या वस्तूचे जुनेपण राखावे की तिला नवे रूप द्यावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाकडे १९६४ सालची फियाट अकराशे मोटार आहे. घरचे कर्ते पुरुष निवर्तल्यावर मुलाने ती नव्याने रंगवून घेण्याचे ठरविले. आईने मात्र विरोध केला. यजमान वर्षानुवर्षे उजवे कोपर जेथे टेकवीत, त्या दाराच्या वरच्या कडेचा रंग झिजून खालचे अस्तर दिसू लागले आहे. 'एवढी तरी त्यांची खूण राहू दे,' असे त्या माउलीचे म्हणणे. मायलेकांनी निवाडा आम्हांवर सोपविला.

यंत्रविद्या हा आमचा प्रांत नव्हे. तथापि या विषयावर जाणकारांनी पुष्कळ चिंतन केलेले आहे. पुरातन वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली 'तुरिन सनद' स्वीकारली. वाहनाच्या अंगावरील काळाच्या खुणा हाही त्याच्या इतिहासाचाच भाग होय आणि शक्य तितका कमी हस्तक्षेप करावा, असे तिचे सार आहे. नवा रंग केव्हाही देता येतो. खरवडून टाकलेला मूळचा रंग मात्र परत आणता येत नाही.

मुलाची बाजूही अगदीच निराधार नव्हती. वसईची हवा खारी. गंज थांबला नाही तर रंगही जाईल आणि पत्राही. म्हणून वय आणि व्याधी यांत भेद केला पाहिजे, असे आम्ही त्यास सांगितले. उन्हाने फिकटलेला, कोपराने झिजलेला रंग हे वय. दाराच्या तळाशी आणि सांगाड्यात शिरलेला गंज ही व्याधी. व्याधीवर उपचार व्हावेत, वय पुसले जाऊ नये.

उपचारही जपूनच करावे लागतात. धुण्यास सौम्य साबण आणि मऊ सुती कापड पुरे. घासून चकाकी आणण्याचा मोह टाळावा, कारण रंगाचे सारे थर मिळून जाडी मिलिमीटरच्या दशांशाच्या आसपास. झिजल्या जागी तर त्याहूनही कमी. सुटा झालेला गंज हलक्या हाताने काढून उघड्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर द्यावा. पारदर्शक लाखेचा लेप देणे सोपे वाटते. परंतु त्याखाली ओल अडकली तर गंज आतल्या आत पसरतो, आणि पुढे तो लेप काढताना जुना रंगही निघून येतो. मेण मात्र केव्हाही काढता येते. गाडीवर प्लास्टिक न टाकता हवा खेळती ठेवणारे सुती आच्छादन घालावे.

मुलाने गाडीच्या तळाचा गंज काढून घेतला; वरच्या रंगास हात लावला नाही. दाराच्या त्या कडेला मेण लावण्याचे काम आईने स्वतःकडे घेतले आहे. पुढे कोणा वारसाला गाडी रंगवावीशी वाटली तर तो रंगवील. आज मायलेकांनी त्याचा निवडीचा हक्क शाबूत ठेवला आहे. जतन म्हणतात ते यालाच, असे आम्हांस वाटते.