दार न उघडणारी

रिडली स्कॉटचा ‘एलियन’, १९७९. कॅप्टन डॅलस आणि त्याचा सहकारी केन अंतराळजहाजाबाहेर गेलेले, म्हणून ‘नॉस्ट्रोमो’वर शब्द रिप्लीचा. केनच्या तोंडाला काहीतरी चिकटलंय आणि दाराबाहेरून डॅलस हुकूम सोडतोय, आत घे. रिप्ली ठाम राहते: २४ तास विलगीकरण, नियम आहे. दार उघडतो तो विज्ञान अधिकारी अ‍ॅश, आणि पुढचा प्रत्येक मृत्यू त्याच दारातून आत येतो. पडद्यावरच्या बाईकडून आपण आधी माया मागतो. इथे नियम पाळणारी बाई कठोर वाटते, आणि बरोबर तीच असते. २०२० नंतर हा प्रसंग पाहताना मला तिच्याबद्दल फार आदर वाटतो.

*

डॅन ओबॅननच्या पटकथेत सूचना होती की, यातली कुठलीही भूमिका पुरुषाने किंवा बाईने करावी. रिप्ली बाई ठरली ती नंतर. म्हणूनच तिला नवरा नाही, प्रियकर नाही, संवादांत लाजणं नाही. तिला काम आहे. मात्र शेवटाला कॅमेरा तिला अंतर्वस्त्रांवर आणून उभी करतोच. कागदावर मिळालेली बरोबरी कॅमेऱ्यापर्यंत पूर्ण पोचली नाही.

*

केनचं मरण. नको असलेला गर्भ, आतून फाटणारं शरीर. बाईच्या वाट्याची ही भीती ओबॅननने जाणूनबुजून पुरुषाच्या पोटात घातली. ‘प्रोमिथियस’मध्ये (२०१२) एलिझाबेथ शॉ पोटातला परका जीव काढायला शस्त्रक्रियेच्या यंत्राकडे धावते, तर यंत्र फक्त पुरुष रुग्णांसाठी बसवलेलं! वेगळ्या नावाची शस्त्रक्रिया निवडून, शुद्धीत राहून ती स्वतःचं पोट फाडून घेते. एवढी खरी भीती त्या अख्ख्या सिनेमात दुसरी नाही.

*

जहाजाच्या मालक कंपनीचा गुप्त आदेश रिप्ली वाचते: प्राणी परत आणा, माणसं गेली तरी चालतील. त्यानंतर लगेच अ‍ॅश तिच्यावर धावून जातो, मासिकाची गुंडाळी करून तिच्या तोंडात कोंबतो. भिंतीवर बायकांची चित्रं चिकटवलेली. तिला विचारायचं होतं, आणि तोंडच बंद केलं जातं.

*

कॅरल क्लोव्हर या अभ्यासक बाईंनी १९८७ मध्ये भयपटांतल्या ‘शेवटी उरणाऱ्या मुली’वर लिहिलं: सावध, संयमी, इतर मुलींपेक्षा वेगळी. पण ‘हॅलोविन’मध्ये (१९७८) लॉरीच्या मदतीला अखेर डॉक्टर लूमिस पिस्तूल घेऊन येतो. रिप्लीकडे कुणी येत नाही.

*

‘द थिंग’ (१९८२): सिनेमातल्या संशोधन तळावर एकही बाई नाही. फक्त बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकाचा आवाज बाईचा.

*

कॅमेरॉनच्या ‘एलियन्स’मधल्या (१९८६) कामासाठी रिप्ली साकारणाऱ्या सिगर्नी वीव्हरला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं. विज्ञान-भयपटातल्या बाईला असा मान दुर्मीळच. तिथे रिप्ली न्यूट या पोरीसाठी त्या प्राण्यांच्या राणीशी झुंजते. मला तो सिनेमा मनापासून आवडतो, तरी वाटतं, धाडसाला आईपणाचं कारण जोडल्याने रिप्ली थोडी लहान झाली. १९७९ मध्ये तिला जगायचं होतं, एवढं पुरेसं होतं.

*

आता ‘नॉस्ट्रोमो’वरची दुसरी बाई, लॅम्बर्ट. व्हेरोनिका कार्टराइटने ती साकारली. रडते, थिजते, म्हणून प्रेक्षक तिला नावं ठेवतात. रिप्लीची तारीफ करताना हिला हिणवायची रीतच पडली आहे. पण डॅलस गेल्यावर ‘जहाज सोडून निघूया’ असं आधी कोण म्हणतं? लॅम्बर्ट. छोट्या यानात चौघं मावणार नाहीत म्हणून रिप्ली तेव्हा नकार देते. अ‍ॅश संपून तिघं उरल्यावर ठरतं तेच: यान घ्यायचं, जहाज उडवायचं. भीतीने बाई मूर्ख होत नाही. तिने धोका अचूक ओळखला होता. रिप्लीला मोठं करायला लॅम्बर्टला भित्री ठरवण्याची गरज नाही. पुढच्या वेळी ‘एलियन’ लावाल, तेव्हा तिचं बोलणं नीट ऐका.