कोणाचा गो तू?

लहानपणी देवगडला आजोळी गेले, की पाणंदीत भेटणारी प्रत्येक म्हातारी विचारायची, "कोणाचा गो तू?" मी म्हणायचे, "शालूची." तेवढ्यावर हातात खाऊ पडायचा. पुण्यात मात्र हे नाव चालायचं नाही. तिथे आई 'सुनंदा' होती. १९७८ साली, लग्नात, ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेलं नाव. शालिनी फक्त माहेरी उरली. आधी आजी गेली, मग मामा गेला, आणि 'शालू' म्हणून हाक मारणारं कुणी राहिलं नाही.

हे सगळं मला आठवलं ते थेट अलास्कात, हूना नावाच्या गावात.

मी सिएटलला राहते. मागच्या उन्हाळ्यात आई आली होती. पहिल्यांदाच एकटी. म्हणून आम्ही आठवडाभराची क्रूझ घेतली. एक दिवस जहाज चिचागॉफ बेटावर, हूनाजवळच्या आइसी स्ट्रेट पॉइंटला थांबलं. १९१२ साली इथे सामन मासे डबाबंद करायचा कारखाना उभा राहिला. आता ती सगळी जागा इथल्या ट्लिंगिट लोकांच्या कंपनीची आहे. सकाळी देवमासे आणि दुपारी गाव, असा आमचा बेत होता.

पाऊस भुरभुरत होता. छोट्या बोटीने आम्ही पॉइंट अडॉल्फसकडे निघालो. हंपबॅक देवमाशापासून शंभर यार्ड, म्हणजे साधारण ९१ मीटर लांब राहायचा कायदा आहे. आधी फक्त फुस्स असा आवाज यायचा, मग पाण्यावर वाफेचा खांब दिसायचा. एक मादी आणि तिचं पिल्लू होतं. मादीने बुडी मारली तेव्हा शेपटी सावकाश वर आली. शेपटीच्या खालच्या बाजूची काळी-पांढरी नक्षी प्रत्येकाची वेगळी असते, त्यावरूनच अभ्यासक त्यांना ओळखतात. हिवाळ्यात यातले बरेचसे हवाईच्या उबदार पाण्यात जातात. पिल्लं तिथे जन्मतात, आणि पहिल्यांदा इकडे येतात ती आईबरोबर. मोठी झाली, की बहुतेकदा आईने दाखवलेल्या याच पाण्यात परत येतात.

"म्हणजे माहेरपणाला," आई म्हणाली. मी हसले. ती हसली नाही.

दुपारी गावात आमच्याबरोबर एक ट्लिंगिट बाई होती, आईच्याच वयाची. तिने स्वतःची ओळख करून दिली ती अशी: आधी तिचं ट्लिंगिट नाव, मग ती डोमकावळ्याच्या बाजूची की गरुडाच्या, मग कूळ, मग घराणं. कूळ आईकडून येतं. वडिलांच्या कुळाचं नाव शेवटी, 'त्यांचं मी लेकरू' असं. ही सगळी ओळख तिने एका दमात सांगितली.

मग तिने गावाची गोष्ट सांगितली. तिचे पूर्वज समोरच्या खाडीत राहायचे, जिला जग आज ग्लेशियर बे म्हणतं. अठराव्या शतकात हिमनदी पुढे सरकली आणि तिने गावंच्या गावं गिळली. लोक इथे आले. हूना म्हणजे उत्तरेच्या वाऱ्यापासून आडोसा. पुढे बर्फ शंभर किलोमीटरहून जास्त मागे हटलं, पण १९२५ साली ती जागा सरकारने राखीव केली. पूर्वजांच्या जागी शिकारीला आणि पक्ष्यांची अंडी गोळा करायलाही बंदी आली. १९४४ साली हूनाला आग लागली, आणि पिढ्यान्पिढ्या जपलेल्या कुळांच्या वस्तू जळाल्या. अखेर २०१६ साली खाडीकाठी पुन्हा एक कुळघर उभं राहिलं.

"मग उरलं काय होतं?" मी विचारलं.

"नावं," ती म्हणाली. खाडीला त्यांच्या भाषेत नाव आहे, त्याचा अर्थ 'हिमनदीच्या जागी असलेली खाडी'. घर गेलं, बर्फ आलं, बर्फ गेलं, सगळं त्या एका नावात आहे.

मग ती आईकडे वळली. "आणि तुम्ही कोणाच्या?"

मी भाषांतर करायला तोंड उघडलं. आईने मला हातानेच थांबवलं आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "माय नेम इज शालिनी." मग आजीचं नाव सांगितलं. मग पणजीचं, जे मी कधी ऐकलंच नव्हतं. त्या बाईने तिन्ही नावं सावकाश परत म्हणून पाहिली, आणि म्हणाली, "गुनल्चीश." म्हणजे आभार.

परत जहाजावर आल्यावर आम्ही डेकवर चहा घेत बसलो. मी फोन काढला आणि म्हटलं, "पणजीचं नाव परत सांग, लिहून ठेवते."

तिने सांगितलं. "आणि तिच्या आईचं?"

आई बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली.

"ते नाही गं माहीत," ती म्हणाली. "आजीला विचारायचं राहूनच गेलं."