सपाट फळीवर हललं काय?

'मूव्हमेंट इन स्क्वेअर्स' हे ब्रिजेट रायली यांचं 1961 सालचं चित्र. जेमतेम चार फूट लांबी-रुंदीचा हार्डबोर्ड, त्यावर टेंपेरा रंगात काळ्या-पांढऱ्या चौकटी आणि बाकी काही नाही. 2019 साली लंडनच्या हेवर्ड गॅलरीत रायलींचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथे या चित्रासमोर उभी राहिले तेव्हा अमूर्त चित्र कसं पाहायचं असतं, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. पण समोरची फळी उजव्या अंगाला चक्क आत ओढली जात होती! तिथे घळ पडली होती आणि चौकटी दोन्हीकडून तिच्यात घसरत होत्या. मी कडेला जाऊन तिरक्या नजरेनं पाहिलं, तर फळी सपाट. पुन्हा समोर आले, तर घळ जिथल्या तिथे.

मग एकेक चौकट निरखायला घेतली. डावीकडे त्या अगदी चौरस आहेत. पुढे उंची तेवढीच राहते, रुंदी मात्र घटत जाते. घटता घटता नुसत्या उभ्या फटी उरतात आणि तिथून चौकटी पुन्हा रुंदावू लागतात. चित्रकर्तीनं केलं ते एवढंच. चौकड्यांचं कापड गोल खांबाला गुंडाळलं, की कडेच्या चौकड्या अरुंद दिसतात. अरुंद होत जाणारं ते वळणारं, हे मेंदूनं असं रोजच्या पाहण्यातून पक्कं केलेलं असतं. त्यामुळे सपाट फळीवरही तो खोली पाहतो. ती सपाट आहे हे ठाऊक असूनही पाहतो, याचं मला सर्वांत नवल वाटलं.

'फॉल' या 1963 सालच्या चित्रानं तर मला गोंधळवूनच टाकलं. एकच वळणदार रेघ शेजारी शेजारी पुन्हा पुन्हा काढलेली. वरच्या भागात वळणं ऐसपैस. खाली येता येता ती दाटत जातात. नजर वरून सुटली, की थेट तळापर्यंत वाहत जाते. तिथे रेघा थरथरतात, क्षणभर फिकट पिवळी-निळी झाक उमटते आणि जाते. चित्रात तर रंग नाहीत! त्याचं कारण आपल्या डोळ्यांत आहे. आपण टक लावून पाहतो तेव्हाही बुबुळं बारीक बारीक हलतच असतात. आधीच्या क्षणाची प्रतिमा डोळ्यांत रेंगाळते आणि पुढच्या क्षणाच्या रेघांवर येऊन पडते. रेघा जितक्या दाट आणि काळ्या-पांढऱ्यातला विरोध जितका तीव्र, तितका हा खेळ जोरात.

त्याच प्रदर्शनात एक रंगीत चित्र होतं. जॉर्ज सरा या फ्रेंच चित्रकाराच्या कुर्बव्हाच्या पुलाच्या चित्रावरून रायलींनी 1959 मध्ये केलेली ती नक्कल. सरा रंगांचे ठिपके शेजारी शेजारी मांडत असे आणि ते मिसळायचं काम पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर सोडत असे. ते पाहिलं आणि मला धागा सापडला. रायलींनी पूल, नदी, शेवटी रंगही बाजूला ठेवले आणि पाहण्याची क्रिया तेवढी राखली. अशा चित्रात 'हे काय आहे?' असं विचारत बसलं तर काही हाती लागत नाही. 'मला आत्ता काय होतंय?' असं विचारलं की चित्र बोलू लागतं. निम्मं चित्र फळीवर असतं. उरलेलं निम्मं पाहणाऱ्यानं उभं राहून पुरं करायचं असतं.

म्हणून 'आपल्याला त्यातलं काही कळत नाही' असं म्हणून या चित्रांवरून पुढे जाऊ नका. आलेखाचा कागद घ्या, पट्टी घ्या. चौकटींची उंची कायम ठेवून रुंदी हळूहळू कमी करत न्या, एकाआड एक काळी करा आणि कागद हातभर लांब धरा. कागद वळलेला दिसेल. तुमच्या डोळ्यांना हे आधीपासून येतं.