कंदुरी, स्लामेतान आणि 'खरा' मुसलमान

आपल्याकडे दर्ग्यावर कंदुरी होते. मलेशियात आणि आचेमध्ये अशाच सामूहिक जेवणाला 'केंदुरी' म्हणतात. शब्द एकच, मूळचा फारसी. जावा बेटावर त्याचं नाव 'स्लामेतान', त्यात आपलं 'सलामत' दडलेलं आहे. सुंता, लग्न, मयत, काहीही असो. शेजाऱ्यांना बोलवायचं, ऊद जाळायचा, अरबीत दुआ मागायची आणि भात वाटायचा. या साध्या जेवणावरून विद्यापीठांत मोठा वाद झाला.

1950च्या दशकात अमेरिकन विद्यापीठांतल्या अभ्यासकांचा एक गट पूर्व जावातल्या पारे या गावी राहिला. क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी धर्माचा अभ्यास केला, हिल्ड्रेड गीर्ट्झ यांनी कुटुंबाचा, अ‍ॅलिस ड्यूई यांनी बाजाराचा. क्लिफर्ड यांचं 'द रिलिजन ऑफ जावा' 1960 मध्ये आलं. त्यात जावाच्या लोकांचे तीन गट होते: नमाज-रोज्याचे पाबंद 'सांत्री', जुन्या चालीरीती पाळणारे खेड्यातले 'अबांगान' आणि नोकरदार-सरदार वर्गातले 'प्रियायी'. स्लामेतान गेलं अबांगानांच्या खात्यात. म्हणजे इस्लामचा मुलामा वरवरचा, आत सगळं जुनंच.

इस्लामचे इतिहासकार मार्शल हॉजसन यांनी यावर बोट ठेवलं. सुधारणावादी ज्याला इस्लाम म्हणतात तेवढाच इस्लाम धरायचा आणि उरलेलं सगळं 'हिंदू' ठरवायचं, ही मोजपट्टीच चुकीची आहे, असं त्यांचं म्हणणं. पुढे मार्क वुडवर्ड यांनी प्रत्यक्ष निरीक्षणाला सूफी परंपरेच्या ग्रंथांची जोड दिली. 1989च्या पुस्तकात त्यांनी दाखवलं की बरकत, वली, दुआ, अन्न वाटणं हे सगळं मुस्लिम परंपरेतच बसतं. एका विषयाला जे दिसलं नाही, ते दोन विषय एकत्र आल्यावर दिसलं.

हा फक्त पुस्तकी वाद नाही. 1965-66 मध्ये इंडोनेशियात कम्युनिस्ट असल्याच्या आरोपावरून लाखो माणसं मारली गेली. पूर्व जावात मारणाऱ्यांत सांत्री संघटनांचे तरुण होते आणि मरणाऱ्यांत अबांगान गावकरी मोठ्या संख्येने होते. ही नावं गीर्ट्झ यांनी घडवली नव्हती, जावाच्या बोलण्यातलीच होती. पण 'हा पुरता मुसलमान नाही' हे वाक्य कुठवर जाऊ शकतं, ते तिथे दिसलं.

मी एका तासाला उर्दू शिकवतो, पुढच्या तासाला मराठी. नियाज आणि संदल यांबद्दल दोन्हीकडून ऐकतो. एक जण कौतुकाने म्हणतो, "बघा, मुळात तुम्ही आमचेच!" दुसरा रागाने म्हणतो, "ही बिदअत आहे." एकाच्या तोंडी कौतुक, दुसऱ्याच्या तोंडी राग, पण दोघांची मोजपट्टी एकच.

म्हणून वाटतं, कोकणातल्या, मराठवाड्यातल्या मुसलमानांचा असा अभ्यास आपल्याच मुलामुलींनी करावा. मराठी, दखनी, फारसी, इतिहास आणि शेतीचा हिशेब एकत्र ठेवून. सुरुवात कंदुरीपासून करता येईल: बोकड कुणी दिला, स्वयंपाक कुणी केला, फातिहा कुणी दिली, पंगतीला कोण कोण बसलं. निकाल नंतर द्या, आधी एवढं नीट लिहून घ्या.