पोलादावरची खूण

पिस्तुलाची स्लाइड म्हणजे त्याचा वरचा सरकता भाग. गोळी सुटली की तो झटक्यात मागे जातो, रिकामं काडतूस बाहेर फेकतो आणि स्प्रिंगच्या जोरावर पुढे येतो. त्याच्या दोन्ही बाजू लांबट आणि सपाट असतात. एवढी मोकळी जागा मिळाली की कारखाना तिथे लिहितोच: आपलं नाव, गाव, मॉडेल, कॅलिबर, जुन्या पिस्तुलांवर तर पेटंटच्या तारखासुद्धा. अमेरिकेतल्या काही हौशी मालकांना हा मजकूर डोळ्यांत खुपतो. जाहिरातीचा फलक हातात धरल्यासारखं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून एमरी पेपर घेऊन ते अक्षरं हाताने घासून काढतात आणि कोऱ्या झालेल्या स्लाइडवर नव्याने ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर-काळा रंग, करून घेतात.

या घासण्याबद्दल बरेच दिवस मनात साचलेलं इथे टिपून ठेवतो आहे.

*

आधी कारागिरीबद्दल, कारण ती मला मनापासून आवडते.

सपाट पोलाद सपाट राखून घासणं फार अवघड. नुसत्या बोटाने कागद दाबला की बोटाखाली पन्हळ पडते. म्हणून कागद सपाट ठोकळ्यावर ताणून धरायचा. आधी जाड दाण्याचा, मग बारीक, मग त्याहून बारीक. दर वेळी हाताची दिशा बदलायची. मागचे ओरखडे आडवे असतील तर पुढचे उभे ओढायचे, म्हणजे मागचा एखादा चुकार ओरखडा राहिला असेल तर तो लगेच दिसतो. मधेमधे ट्यूबलाइटखाली धरून पाहायचं. नळीचं प्रतिबिंब सरळ रेषेत पडलं तर काम ठीक. ते जिथे लचकतं तिथे पोलाद खाली गेलेलं असतं.

सगळ्यात आधी मरते ती कड. स्लाइडची कड कारखान्यात करकरीत निघालेली असते. दोन-चार हात तिरके पडले की ती बोथटते, आणि मग पूर्ण पिस्तूल साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत दिसू लागतं. अक्षरं होती तेवढीच जागा घासली तर तिथे उथळ खळगा उरतो. तो दिसू नये म्हणून अख्खी बाजू खाली आणावी लागते. म्हणजे दोन ओळी पुसण्यासाठी पूर्ण बाजूचं पोलाद द्यायचं. हे काम नीट करणारा हात मोठाच. पण हा हात कोऱ्या स्लाइडवर चालावा असं मला वाटतं. अमेरिकेत काहीही न लिहिलेल्या सुट्या स्लाइड विकत मिळतात.

*

ज्या मजकुराला लोक फालतू म्हणतात तो वाचून पाहावा. अगदी सुरुवातीच्या कोल्ट 1911 पिस्तुलांच्या स्लाइडवर त्याचा रचनाकार जॉन ब्राउनिंग याच्या पेटंटच्या तारखा ओळीने आहेत. पहिली 20 एप्रिल 1897, शेवटची 14 फेब्रुवारी 1911. अमेरिकेच्या लष्कराने हे पिस्तूल स्वीकारलं 29 मार्च 1911 ला. शेवटच्या पेटंटनंतर दीड महिनाही झाला नव्हता. चौदा वर्षांचा विचार बोटभर जागेत मावला आहे, आणि त्यासाठी वेगळं पुस्तक उघडावं लागत नाही.

*

दुसऱ्या महायुद्धात हेच पिस्तूल भलत्याच कारखान्यांनी बनवलं. सिंगर कंपनीने, म्हणजे आपल्या आजीच्या पायमशीनवर जिचं सोनेरी नाव असायचं तिने, 1941 मध्ये 500 पिस्तुलं तयार केली. त्यांच्या स्लाइडवर कंपनीचं नाव संक्षेपात आहे आणि खाली गावाचं: एलिझाबेथ, न्यू जर्सी. रेल्वेचे सिग्नल बनवणाऱ्या युनियन स्विच अँड सिग्नलने बनवली, त्यांच्यावर स्विसव्हेल, पेनसिल्व्हेनिया. सगळ्यात जास्त बनवली सिराक्यूसच्या रेमिंग्टन रँडने. आपल्या कचेऱ्यांत आणि कोर्टाबाहेरच्या टेबलांवर ज्या रेमिंग्टनच्या टंकयंत्रांचा खडखडाट चाले, तेच हे नाव.

युद्ध संपल्यावर लष्करी आगारांत ही पिस्तुलं खोलून दुरुस्त झाली. एकाची फ्रेम म्हणजे खालचा सांगाडा, दुसऱ्याची स्लाइड, तिसऱ्याची नळी, असं जे जुळेल ते जोडलं गेलं. क्रमांक फ्रेमवर, स्लाइडवर बहुधा नाहीच. मग ही स्लाइड सिराक्यूसच्या टंकयंत्रवाल्यांकडची की स्विसव्हेलच्या सिग्नलवाल्यांकडची, हे सांगणारं काय उरलं? तीच ओळ. ती घासली की स्लाइड अनाथ होते. सिंगरचं खरं पिस्तूल लिलावात काही लाख डॉलरलाही गेलं आहे, आणि ती किंमत मुख्यतः त्या अक्षरांची आहे. पण मला किमतीपेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. शिवणयंत्रांचा कारखाना युद्धाला जुंपला गेला होता याचा तळहातावर मावेल एवढा पुरावा म्हणजे ती अक्षरं.

*

त्याच पिस्तुलांवर तपासनिसांच्या आद्याक्षरांचे ठसे असतात. रेमिंग्टन रँडच्या पिस्तुलांवर एफ. जे. ए., कोल्टच्या काहींवर जी. एच. डी. 'हे मी पाहिलं, हे चालेल' असं एका अधिकाऱ्याने पोलादावर सही करून सांगितलं आहे. आज आपण किती वस्तूंवर अशी सही मागतो?

*

नळीवरच्या बारीक खुणांबद्दल तर विशेष सांगायला हवं. त्या शोभेच्या नाहीत. लंडनच्या बंदूककारांच्या संस्थेला 1637 मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस 1813 च्या कायद्याने उभं राहिलं. तिथे प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस उडवून पाहतात. फुटली तर तिथेच फुटावी, गिऱ्हाइकाच्या हातात नको. टिकली तर तिच्यावर मुकुटाखाली अक्षरं उमटवतात. ही खूण म्हणजे नळी अग्निपरीक्षेतून गेल्याचा दाखला. ती घासून टाकणारा माणूस पुढच्या मालकाच्या सुरक्षेचा कागद फाडतो आहे.

*

क्रमांकाची गोष्ट वेगळी, आणि तिथे हौस वगैरे काही नाही. अमेरिकेत 1968 च्या कायद्याने कारखान्यातून निघणाऱ्या नव्या प्रत्येक बंदुकीवर क्रमांक सक्तीचा केला. 2002 पासून त्याची खोली किमान 0.003 इंच, म्हणजे मिलिमीटरचा तेरावा भाग, असावी असा नियम आला. क्रमांक पुसलेलं शस्त्र जवळ ठेवणं हा तिथे संघराज्याचा गुन्हा आहे. ग्लॉकसारख्या कंपन्या तोच क्रमांक फ्रेमवर, स्लाइडवर आणि नळीवर अशा तीन जागी देतात. त्यामुळे 'स्लाइडवर काय, काहीही घासा' हे वाक्य अमेरिकेतही धोक्याचं.

क्रमांकाने काय साधतं? 30 जानेवारी 1948 ला गांधीजींवर जे बेरेटा पिस्तूल झाडलं गेलं त्याचा क्रमांक 606824. खटल्याच्या कागदांत तो कायमचा नोंदला गेला आहे. गर्दीतून, धावपळीतून, साक्षीदारांच्या उलटसुलट जबान्यांतून ते सहा आकडे ढळत नाहीत. शस्त्राला जाब विचारता येतो तो अशा आकड्यामुळे.

*

घासल्याने खूण जाते हा समज मात्र पुरता खरा नाही.

पोलादाच्या पट्टीवर पंच ठेवून हातोडा मारा. आकडा उमटतो तो डोळ्यांना दिसतो तेवढाच नसतो. पंचाखालचं पोलाद दबतं, त्याचे कण चेपले जाऊन आकड्याच्या तळाखालीही ती जागा आजूबाजूपेक्षा कठीण होते. वरचा आकडा घासून गेला तरी खालचा हा मार शिल्लक असतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत ती जागा आरशासारखी करून तिच्यावर तांब्याचं क्लोराइड आणि आम्ल यांचं मिश्रण लावतात. चेपलेलं पोलाद आणि न चेपलेलं पोलाद सारख्या वेगाने झिजत नाही, आणि मग कोऱ्या जागेवर आकडा हळूहळू वर येतो. कधी पुसट, कधी थोडा वेळच दिसणारा. म्हणून तज्ज्ञ कॅमेरा तयार ठेवून बसतो. 2015 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतल्या संशोधकांनी स्टेनलेस स्टीलवर ठोकलेल्या फुल्या पार घासून काढल्या, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिकांच्या रचनेतून त्या पुन्हा वाचून दाखवल्या.

मुंबईत कलिन्याला राज्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेचं मुख्यालय आहे. मिटवलेला आकडा मागे आणण्याचं काम करणारे लोक मला इतिहास-संशोधकांच्या पंगतीतले वाटतात.

*

जपानी तलवारीची मूठ काढली की आत गंजलेली शेपटी दिसते. पातं वरून लखलखीत, शेपटी मात्र काळपट-तांबूस. पाजवणारा पात्यावर आठवडेच्या आठवडे घालवतो, पण शेपटीच्या गंजाला हात लावत नाही. कारागिराची सही तिथे असते आणि गंजाच्या रंगावरून वय ओळखतात. जुन्या लांब तलवारी पुढे आखूड कराव्या लागल्या, तेव्हा शेपटीच कापली जायची. अशा वेळी काहींनी सहीचा तेवढा तुकडा कापून नव्या शेपटीत जडवला, काहींनी सहीची पट्टी दुमडून पलीकडच्या बाजूला बसवली. शस्त्र बदललं, पण घडवणाऱ्याचं नाव सांभाळलं. इतकी काळजी मी दुसऱ्या कुठल्या धंद्यात पाहिलेली नाही.

*

आता आपल्याकडे. मराठ्यांच्या फिरंग तलवारीचं पातं युरोपातून यायचं आणि मूठ इथे बसायची. त्या पात्यांवर तिकडच्या खुणा असतात: झोलिंगेनच्या पात्यांवर धावता लांडगा, काहींवर जिनोआचं नाव, कुठे नुसती चंद्रकोर. बंदरातून पातं कुठल्या वाटेने आलं असेल याचा माग त्यांच्यावरून लागतो. नामांकित गावाची नक्कल करून खोटे ठसेही मारले जात. पण खोटा ठसासुद्धा त्या काळच्या बाजाराबद्दल काहीतरी सांगतोच.

एप्रिल 2025 मध्ये लंडनच्या सदबीजच्या लिलावात अशी एक तलवार आली. पातं युरोपी, मूठ मराठा पद्धतीची, आणि पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत नागपूरच्या रघूजी भोसल्यांचं नाव आणि 'सेनासाहेबसुभा' हा शाहू महाराजांनी दिलेला किताब. महाराष्ट्र शासनाने सुमारे 47 लाख रुपये मोजून ती मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. त्या एका ओळीवरून तलवार ओळखू आली. मधल्या कुणा मालकाला वाटलं असतं की पात्याची पाठ जरा उजळून घ्यावी, तर ती ओळ गेली असती आणि उरली असती शेकडो फिरंगांतली एक.

जुने शिकलगार पात्यावर हात चालवताना ठसा आणि अक्षर सोडून चालवत. ती नजर बफिंगच्या चाकाला नाही. चाक खूण आणि गंज सारख्याच वेगाने खातं.

*

भारतात बंदुकीवरची अक्षरं घासण्याच्या हौशीला जागाच नाही, हे स्पष्ट सांगतो. शस्त्र अधिनियम 1959 चं कलम 8 फक्त क्रमांकापुरतं नाही. बंदुकीवर असलेलं नाव, क्रमांक किंवा दुसरी कोणतीही ओळखखूण पुसणं, काढणं, बदलणं किंवा खोटी घालणं, हे सगळं त्यात येतं. म्हणजे 'मी नंबर नाही, फक्त कंपनीचं नाव काढलं' हा बचाव इथे चालत नाही. परवान्याचं शस्त्र असेल तर त्याला एमरी पेपर लावूच नका. हा कायदा मला योग्य वाटतो.

*

राहिल्या घरोघरीच्या तलवारी आणि कट्यारी. खंडेनवमीला त्या बाहेर निघतात, आणि पूजेआधी चकचकीत व्हाव्यात म्हणून चिंच, राख, एमरी पेपर किंवा थेट बफिंगचं दुकान अशी त्यांची रवानगी होते. माझी विनंती आहे, तसं करू नका. मऊ सुती कापडाने धूळ पुसा, मशीनच्या तेलाचा पुसट हात द्या, तेवढं पुरे. त्याआधी पातं उजेडात तिरपं धरून मुठीजवळची जागा आणि पात्याची पाठ दोन्ही बाजूंनी नीट पाहा. ठसा, अक्षर, आकडा, काहीही दिसलं तर फोटो काढा आणि पुण्याचं केळकर संग्रहालय किंवा मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय यांच्यासारख्या ठिकाणच्या जाणकारांना दाखवा. गंज काढायचाच असेल, तर तो त्यांना विचारून काढा.